अ‍ॅक्युपंक्चरबद्दलचे गैरसमज: आईच्या गुडघ्याच्या निमित्ताने

जाईजुई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आज आईच्या रक्ताचा रिपोर्ट आला, साखर पुन्हा आटोक्यात आली आहे, म्हणून निवांत बसून लिहिते आहे.

आई ६८ वर्षांची, आम्ही सोलापूरचे. तिचा उजवा गुडघा झिजलाय. जिना उतरताना कठडा घट्ट धरायचा, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, मगच पुढची पायरी. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पुढेमागे वाटी बदलावी लागेल, तोवर व्यायाम करा आणि वजन उतरवा. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी अ‍ॅक्युपंक्चरचं, म्हणजे शरीरावर ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून करायच्या चिनी उपचाराचं, नाव काढलं आणि आम्ही दहा सिटिंगचा कोर्स घेतला.

गुडघ्याला गुण आला का? आला. सहाव्या सिटिंगनंतर आई भाजी आणायला कोपऱ्यापर्यंत एकटी जाऊन आली. पण त्याच सुमारास ती रात्री तीन-तीनदा लघवीला उठायला लागली, सारखं तोंड कोरडं पडायला लागलं. घरच्या मशीनवर बोट टोचून बघितलं तर उपाशीपोटी साखर २८६. खोदून विचारल्यावर कळलं की महिनाभर तिने साखरेची गोळी घेतलीच नव्हती. क्लिनिकच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, "सुया चालू असताना अ‍ॅलोपॅथीच्या गोळ्या घेतल्या की सुईचा गुण मारला जातो," आणि तिथल्या मदतनीस मुलीनेही मान डोलावली होती. आई मला म्हणाली, "तू एवढे पैसे भरलेस, वाया जायला नकोत म्हणून बंद केली गं."

पोटात कालवलं ऐकून. म्हणून हा धागा. अ‍ॅक्युपंक्चर चांगलं की वाईट एवढाच वाद घालायचा नाहीये मला. त्या बाकावर मी दहा वेळा बसले आणि जे जे कानावर पडलं ते घरी येऊन तपासत गेले. त्यातलं बरंचसं चुकीचं निघालं, आणि काही चुका अंगाशी येणाऱ्या आहेत.

आधी सुईबद्दल, कारण आई सगळ्यात जास्त घाबरली ती सुईला. तिच्या डोळ्यासमोर इंजेक्शनची सुई. इंजेक्शनची सुई पोकळ असते, औषध आत सोडायला किंवा रक्त काढायला. रक्त घेतात ती साधारण ०.८ मिलिमीटर जाड. अ‍ॅक्युपंक्चरची सुई भरीव असते, तिच्यातून काहीही आत जात नाही, आणि नेहमीच्या वापरातली साधारण पाव मिलिमीटरची. मी अगदी जवळून बघितलं: पाकीट फाडलं, बारीक नळीतून सुई कातडीवर टेकवली, वरून बोटाने एक टिचकी, नळी काढून घेतली, मग सुई हलकेच फिरवली. आई म्हणाली, "मुंगी चावल्यासारखं झालं, मग आत जड जड वाटलं." ते जड वाटणं, ठणकणं, मुंग्या येणं यालाच तिथले लोक 'गुण पोचला' म्हणतात. चिनी परंपरेतही त्या जाणिवेला नाव आहे, 'दे छी'. एक सुई गुडघ्याच्या आतल्या बाजूला होती, तिची मूठ आईच्या नाडीबरोबर बारीक थरथरत होती. बघतच बसले होते मी.

दुसरं, तिथल्या भिंतीवर डॉ. कोटणीसांचा फोटो होता. खाली हार. बसलेले सगळे सांगत होते की कोटणीसांनी ही विद्या चीनमधून भारतात आणली. आम्हा सोलापूरकरांना कोटणीसांचा किती अभिमान आहे ते वेगळं सांगायला नको. पण म्हणूनच हे नीट सांगावंसं वाटतं. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस शल्यचिकित्सक होते. जखमी सैनिकांवर त्यांनी रात्रंदिवस शस्त्रक्रिया केल्या आणि ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच त्यांचा अंत झाला. ते परत आलेच नाहीत, मग विद्या आणणार कुठून? ती आणली त्याच पथकातल्या कोलकात्याच्या डॉ. बिजय कुमार बसूंनी. ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तिथे शिकले आणि १९५९ मध्ये कोलकात्यात काम सुरू केलं. पुढे कोटणीसांच्या नावाने अ‍ॅक्युपंक्चरची केंद्रं निघाली आणि लोकांच्या मनात दोन्ही गोष्टी एक झाल्या. कोटणीसांनी केलं ते इतकं मोठं आहे की त्यांना दुसऱ्याचं श्रेय देण्याची गरजच नाही.

बाकीचं प्रतिसादांत येऊ द्या. ज्यांना अनुभव आहे त्यांनी जरूर लिहा.

---

वैद्यपुत्र

ताई, आईंची साखर ताळ्यावर आली हे वाचून बरं वाटलं. एक मुद्दा मांडतो. हे शास्त्र मुळात आपलंच. सुश्रुतसंहितेत वेध आहे, लहानपणी आपण कान टोचतो. इथूनच ते चीनला गेलं असं आमचे आजोबा सांगत.

---

गोदाकाठ

दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. तुमच्या आजोबांबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते. सुश्रुताचा सिरावेध म्हणजे शीर उघडून रक्त काढणं. कर्णवेध म्हणजे पाळीला कायमचं भोक. दोन्हींत ठरावीक बिंदूंवर बारीक सुई थोडा वेळ ठेवून काढून घेणं हा विचार नाही. टोचणं सगळीकडे असतं, पण एवढ्यावरून नातं जोडता येत नाही.

उलट्या बाजूने 'पाच हजार वर्षांपूर्वीचं चिनी शास्त्र' हेही ताणलेलंच. चीनमध्ये मावांगद्वे इथे ख्रिस्तपूर्व १६८ मधलं एक थडगं सापडलं. त्यातल्या रेशमावर लिहिलेल्या वैद्यकीय मजकुरात शरीरातल्या वाहिन्यांचं वर्णन आहे, औषधी वनस्पती जाळून शेक देण्याचंही आहे, पण सुया टोचण्याचा उल्लेख नाही. सुयांचं सविस्तर शास्त्र दिसतं ते त्यानंतर, 'ह्वांगदी नेइजिंग' या ग्रंथात. म्हणजे साधारण दोन हजार वर्षं. तेही काही कमी नाही! पण मधल्या काळात चिनी लोकांनी सलग एकमताने ते जपलं असंही नाही. १८२२ मध्ये खुद्द चीनच्या सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून त्याला हद्दपार केलं होतं. आणि कानाच्या पाळीवर उलटं बाळ काढलेला तो नकाशा, जो प्रत्येक क्लिनिकमध्ये टांगलेला असतो, तो चिनी नाहीच मुळी. १९५० च्या दशकात फ्रान्समधल्या लियाँचे डॉक्टर पॉल नोजिए यांनी तो मांडला.

जुनं म्हणजे खरं आणि नवं म्हणजे खोटं असं मला म्हणायचं नाही. वयाचा दाखला उपचाराच्या गुणाला लागत नाही, एवढंच.

---

कोकणकडा

माझी बहीण बोटांना मेथीचे दाणे चिकटपट्टीने लावते, त्यालाही ती अ‍ॅक्युपंक्चरच म्हणते. ते तेच का?

---

गोदाकाठ

नाही. ते सुजोक, कोरियातलं, विसाव्या शतकातलं. हाताच्या पंज्यात सगळं शरीर बघतात. बोटाने दाब देतात ते अ‍ॅक्युप्रेशर. आणि आम्ही फिजिओ लोक स्नायूंतल्या गाठीत सुई घालतो ते ड्राय नीडलिंग. सुई तीच असते, विचार वेगळा: त्यात चिनी परंपरा मानते त्या 'छी' नावाच्या ऊर्जेच्या वाहिन्या नाहीत, फक्त आखडलेला स्नायू. लोक चारही एकाच पोत्यात भरतात आणि मग एकाचा अनुभव दुसऱ्याला चिकटतो. मेथीच्या दाण्याने आराम पडला म्हणून सुया टोचून घ्यायला जायचं, किंवा सुईने दुखलं म्हणून अ‍ॅक्युप्रेशरला शिव्या घालायच्या, दोन्ही चूक.

---

प्रश्नचिन्ह

मी स्पष्टच विचारतो, राग मानू नका. ऊर्जेच्या वाहिन्या शवविच्छेदनात कधी सापडल्या नाहीत. मग हे मनाचं समाधानच ना? आईंच्या गुडघ्याला गुण आला तो सुईने की कुणीतरी अर्धा तास प्रेमाने विचारपूस केली म्हणून?

---

श्टुटगार्टकर

हा प्रश्न इथे जर्मनीत फार गंभीरपणे विचारला गेला होता, म्हणून लिहितो. मूळचा मी पुण्याचा, इथे अकरा वर्षं.

इथल्या आरोग्य विमा कंपन्यांना ठरवायचं होतं की अ‍ॅक्युपंक्चरचे पैसे द्यायचे की नाही. म्हणून मोठ्या चाचण्या झाल्या. त्यातली एक नेमकी गुडघ्याच्या झिजेवर होती, सुमारे हजार रुग्ण, निकाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन गट. पहिल्याला चिनी पद्धतीने, ठरलेल्या बिंदूंवर सुया. दुसऱ्याला भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या सुया. रुग्णाला माहीत नाही की या 'खोट्या' आहेत. तिसऱ्याला डॉक्टरांचे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी बऱ्यापैकी सुधारणा किती जणांत? खऱ्या सुया: ५३.१ टक्के. खोट्या सुया: ५१ टक्के. नेहमीचे उपचार: २९.१ टक्के.

हे आकडे दोनदा वाचा. खऱ्या-खोट्यात जवळजवळ फरक नाही. म्हणजे 'नेमक्या बिंदूवरच टोचलं पाहिजे, एक मिलिमीटर चुकलं तर परिणाम उलटा' हे जे सांगतात, त्याला इथे आधार मिळाला नाही. पण दोन्ही गट नेहमीच्या उपचारांपेक्षा बरेच पुढे. कंबरदुखीच्या चाचणीतही हेच चित्र दिसलं.

मग झालं असं की जर्मनीत २००७ पासून जुनाट गुडघेदुखी आणि कंबरदुखीसाठी सरकारी विमा अ‍ॅक्युपंक्चरचे पैसे देतो. ब्रिटनमध्ये मात्र सरकारी आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये सांगितलं की सांध्यांच्या झिजेसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका. त्याच संस्थेने अर्धशिशीसाठी आणि ताणाच्या डोकेदुखीसाठी मात्र त्याचा विचार करायला सांगितलं आहे. पुरावा साधारण तोच समोर ठेवून दोन देश दोन निर्णयांवर आले. एकाने विचारलं, 'रुग्णाला बरं वाटतं का?' दुसऱ्याने विचारलं, 'सुईमुळे बरं वाटतं का?'

---

प्रश्नचिन्ह

आकडे दिल्याबद्दल आभार. म्हणजे माझं म्हणणं बरोबरच की.

---

गोदाकाठ

अर्धं बरोबर. पुढे वेगवेगळ्या देशांतल्या चाचण्यांतल्या प्रत्येक रुग्णाची माहिती एकत्र करून मोठा अभ्यास झाला, २०१८ मध्ये त्यात वीस हजारांवर रुग्ण होते. त्यात जुनाट दुखण्यांवर खऱ्या सुया खोट्यांपेक्षा थोड्या सरस ठरल्या. थोड्याच. खूप नाही. शिवाय खोटी सुईसुद्धा कातडीत जातेच, मज्जातंतूंना डिवचतेच, त्यामुळे ती औषध नसलेल्या खोट्या गोळीइतकी 'निष्क्रिय' नसते. टोचल्यावर शरीरात वेदना दाबणारी द्रव्यं सुटतात हे प्रयोगांत दिसलं आहे. त्यासाठी 'छी' नावाची ऊर्जा मानावी लागत नाही.

आमच्या खोलीत मी रोज बघते: दुखणं थोडं ओसरलं की माणूस व्यायामाला तयार होतो. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. सुईचा खरा उपयोग मला तिथे दिसतो. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरची गादी, सुईने परत उगवत नाही. 'गादी तयार होते' असं कुणी सांगितलं तर तिथून उठावं.

---

शेवंता७

माझ्या सासऱ्यांचा अनुभव लिहू का? सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूने गळायला लागलं, डावा डोळा मिटेना, तोंड वाकडं. अर्धांगवायू म्हणून घाबरलो. निघाला चेहऱ्याच्या नसेचा लकवा. गावातल्या एकांनी पंधरा सिटिंग सुया दिल्या. दोन महिन्यांत चेहरा सरळ. आमचं अख्खं घर आता सुयांचं भक्त आहे. हे खोटं कसं म्हणणार?

---

रात्रपाळी

शेवंताताई, सासरे बरे झाले ही आनंदाची गोष्ट आणि ती खोटी नाहीच. मी नर्स आहे, वीस वर्षं वॉर्डात काढली. चेहऱ्याचा हा लकवा, बेल्स पाल्सी, दहातल्या साधारण सात जणांचा काहीही न करता पूर्ण बरा होतो, बहुतेकांचा काही आठवड्यांत ते महिन्यांत. त्यामुळे या आजारात जो जे करेल ते त्याला लागू पडल्यासारखं वाटतं. कुणी सुया, कुणी कबुतराचं तेल, कुणी नवस.

पण एक गोष्ट वेळेत करावी लागते: पहिल्या ७२ तासांत स्टिरॉइड सुरू केलं तर पूर्ण बरं होण्याची शक्यता वाढते. ते तीन दिवस सुयांच्या खुर्चीत गेले तर परत मिळत नाहीत. आणि मिटत नसलेल्या डोळ्यात थेंब घालणं, रात्री पट्टी लावणं, नाहीतर बुबुळाला जखम होते. शिवाय सुरुवातीला तो खरंच मेंदूचा झटका असू शकतो. आधी दवाखाना, मग ज्याला जे करायचं ते. तुमच्या सासऱ्यांना आधी डॉक्टरांनी बघितलं होतं का?

---

शेवंता७

हो, पहिल्याच दिवशी. गोळ्याही दिल्या होत्या, दहा दिवसांच्या. आता तुम्ही विचारल्यावर आठवलं. आम्ही त्या गोळ्यांचं नावसुद्धा कुणाला सांगितलं नाही, सगळ्यांना सुयाच सांगितल्या.

---

जाईजुई (धागाकर्ती)

शेवंताताई, इतकं मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आभार. आमच्याही घरी हेच. आई सगळ्यांना सुयांचं सांगते, त्याच दोन महिन्यांत तिने रोज खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा व्यायाम केला, त्याचा उल्लेख कुणापाशी नाही.

रात्रपाळीताई, सुयांचे धोके काय, तेही लिहाल का? बाकावर दोनच टोकं ऐकली. 'याचे साइड इफेक्ट शून्य' किंवा 'नस तुटते, एड्स होतो'.

---

रात्रपाळी

दोन्ही चूक. प्रशिक्षित हातात धोका कमी आहे हे खरं. ब्रिटनमध्ये २००१ मध्ये ३४ हजारांवर उपचारांची नोंद ठेवून बघितलं, त्यात एकही गंभीर इजा झाली नाही. थोडं रक्त येणं, काळंनिळं पडणं, उपाशीपोटी गेलेल्याला भोवळ येणं, हे होतं. भोवळ येते म्हणून पहिल्या वेळी आडवं झोपूनच घ्यावं आणि काहीतरी खाऊन जावं.

पण कमी म्हणजे शून्य नाही. छातीवर, खांद्याच्या वरच्या भागात खोल सुई गेली तर फुप्फुसाच्या आवरणात हवा शिरू शकते. सुयांनंतर धाप लागली, छातीत एका बाजूला टोचलं तर घरी झोपून राहू नका. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. पेसमेकर असेल तर सुयांना क्लिप लावून वीज सोडणारी ती पेटी नको. मधुमेह्यांच्या पायाला जाणीव कमी असते, जखम भरायला वेळ लागतो, म्हणून पावलांवर टोचताना दुप्पट काळजी.

आणि संसर्ग. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये एकाच क्लिनिकमधून ३५ जणांना हिपॅटायटिस बी झाला होता. सुई परत वापरली की हे होतं. 'तुमच्या सुया तुमच्या नावाच्या डबीत ठेवतो, दर वेळी स्पिरिटने पुसतो' हे मी स्वतः ऐकलं आहे. स्पिरिटने पुसल्याने सुई निर्जंतुक होत नाही. सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे आणि वापरलेली सुई पांढऱ्या, टोकाने भोक न पडणाऱ्या डब्यात गेली पाहिजे. तो डबा खोलीत दिसत नसेल तर विचारा.

---

कोकणकडा

आमच्या इथे पाटीवर लिहिलंय, 'जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या रोगांवर हमखास इलाज'. आणि खाली दमा, वंध्यत्व, थायरॉइड, मतिमंदत्व. हे सरकारला चालतं का?

---

श्टुटगार्टकर

ती यादी कुठून येते ते सांगतो. संघटनेने पूर्वीच्या चाचण्यांचा आढावा घेणारा एक अहवाल काढला होता, २००३ च्या सुमारास. त्यात २८ दुखण्यांवर अ‍ॅक्युपंक्चर परिणामकारक असल्याचं म्हटलं होतं. त्यातल्या कितीतरी चाचण्या लहान, कच्च्या होत्या म्हणून त्या अहवालावर भरपूर टीका झाली. शिवाय १९९८ मध्येच एका अभ्यासात दिसलं होतं की चीनमधून प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या तपासलेल्या सगळ्याच्या सगळ्या चाचण्यांचे निकाल अनुकूल होते. कुठल्याही औषधाच्या बाबतीत असं होत नसतं. त्यामुळे ती यादी म्हणजे कुठल्याही क्लिनिकला मिळालेलं प्रमाणपत्र नव्हे. 'हमखास' हा शब्द तर त्यात कुठेच नाही.

---

गोदाकाठ

सरकारचं विचारलंत म्हणून. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरचा कायदा केला, महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा. आपल्याकडे त्यानुसार परिषद आहे, उपचार करणाऱ्याने तिथे नोंदणी करायची असते. म्हणजे 'हे बेकायदा आहे' हाही गैरसमज, आणि 'आठवड्याचा कोर्स केला की कुणीही करू शकतो' हाही. भिंतीवर नोंदणी क्रमांक दिसला नाही तर विचारावं, त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. पण कायद्याने पद्धतीला मान्यता दिली म्हणजे ती प्रत्येक रोगावर चालते असं कायदा म्हणत नाही.

---

जाईजुई (धागाकर्ती)

एक राहिलंच. बाकावरच्या एका काकांनी ठासून सांगितलं होतं की चीनमध्ये भूल न देता, नुसत्या सुयांवर पोट फाडून ऑपरेशन करतात, एका अमेरिकन पत्रकाराचं तसं झालं होतं. तो पत्रकार म्हणजे जेम्स रेस्टन, १९७१. पेकिंगमध्ये (आताचं बीजिंग) त्याचं अपेंडिक्स काढलं. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की ऑपरेशन नेहमीच्या भुलीचं इंजेक्शन देऊन झालं. नंतर पोट फुगून दुखायला लागलं तेव्हा कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या आणि तासाभरात बरं वाटलं. त्या माणसाने खरं तेच लिहिलं होतं, पुढच्यांनी सुया उचलून ऑपरेशनात नेऊन ठेवल्या.

काल आईला घेऊन साखरेच्या डॉक्टरांकडे गेले होते. रागावले नाहीत. म्हणाले, गुडघ्यासाठी सुया घ्यायच्या असतील तर घ्या, मला फक्त आधी सांगत जा, आणि गोळी बंद करायची की नाही ते गोळी देणाऱ्याला विचारा. आई मान खाली घालून ऐकत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्या बाकावरच्या बाईलाही साखर आहे गं. तीही गोळ्या घेत नाही."

परवा सकाळी आम्ही दोघी तिथे जाणार आहोत. सिटिंगसाठी नाही. त्या बाई मंगळवारी असतात.